सहावा मेंदू

दर सोमवारी मॅडम विचारायच्या, "ताई, बाबा कसे आहेत?" आणि ताईने "बरे आहेत" म्हटलं की मॅडमचा चेहरा जरासा उतरायचा. कुणाचा बाप बरा आहे याचं दुःख चारचौघांत दाखवता येत नाही, एवढी जनाची लाज त्यांना होती. मग "वा, छान" म्हणून त्या आपल्या खोलीत जायच्या आणि दार लावून घ्यायच्या.

भानगड अशी होती. प्रयोगशाळेच्या तळघरात उणे ऐंशी अंशांवर चालणारं कपाटाएवढं फ्रीजर होतं. त्याच्या एका फळीवर कंपवाताने गेलेल्या पाच माणसांचे मेंदू होते आणि दुसऱ्या फळीवर, धडधाकट असताना अपघातात किंवा हृदय बंद पडून गेलेल्या सहा जणांचे. मॅडमच्या शोधनिबंधाला सहास सहा हवे होते, आणि सहावा कंपवातवाला काही केल्या मिळत नव्हता. त्यांची अटच तशी होती: त्या माणसाने पहिली गोळी घेतलेली चालेल, पण दुसरी गोळी जन्मात घेतलेली नसावी. हल्ली डॉक्टर दुसरी गोळी ज्याला त्याला लिहून देतात. ताईच्या बाबांना मात्र फक्त पहिलीच चालू होती, आणि मेंदू दान करायच्या कागदावर त्यांनी सहीसुद्धा केली होती. आता त्यांनी मरायचं तेवढं बाकी होतं.

या दोन गोळ्या समजल्याशिवाय पुढचं पाप समजणार नाही. मेंदूतल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ, तेलकट पडदा असतो. त्या पडद्यात रिसेप्टर रुतून बसलेले असतात. बाहेरून एखाद्या रसायनाचा निरोप आला की तो पकडायचा आणि आत पोचवायचा, हे त्यांचं काम. पूर्वी शास्त्रज्ञांना वाटायचं, प्रत्येक जण आपापल्या जागी आपापलं काम करतो, शेजाऱ्याशी त्याला काही घेणं नाही. पण काही रिसेप्टर जोडीने बसतात, अंगाला अंग लावून, आणि एकाला त्याचा निरोप मिळाला की दुसऱ्याची पकड ढिली पडते. कंपवातात पहिल्या रिसेप्टरचा निरोपच आटत जातो. पहिली गोळी तो निरोप वाढवते. दुसरी गोळी शेजाऱ्याचं तोंड बंद करते, म्हणजे पहिल्याची पकड पुन्हा घट्ट होते. पण हे सगळं दोघं खरोखर चिकटून बसलेले असतील तरच. त्यांच्यात अंतर पडलं असेल, तर शेजाऱ्याचं तोंड उघडं राहिलं काय नि बंद झालं काय, पहिल्याला काडीचा फरक पडत नाही. दुसरी गोळी निम्म्यांना लागू पडते नि निम्म्यांना नाही ती यामुळेच, असं मॅडमचं म्हणणं होतं. गोळीनेच जोड्या बिघडवल्या असतील अशी शंका कुणी काढू नये, म्हणून ती अट.

ताईने हे घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "म्हणजे एका ओट्यापाशी दोघी जावा. एकीचं तोंड सुरू झालं की दुसरीच्या हातातलं भांडं पडतं."

अकरा वर्षांच्या नोकरीत इतका नेमका खुलासा तिने कुणाकडून ऐकला नव्हता, पण तिने तसं बोलून दाखवलं नाही. कौतुक करायची त्या घरात पद्धतच नव्हती. आई होती तोवर ती दोघांमध्ये बसून शब्द झेलायची. ती गेल्यावर बापलेकीचे शब्द सरळ एकमेकांना लागायला लागले.

बाबांचं केस कापायचं दुकान होतं, चाळीस वर्षं. गिऱ्हाइकं त्यांना वस्तरा म्हणायची, निम्मं हातामुळे आणि निम्मं जिभेमुळे. खुर्चीत झोपलेल्या माणसाची दाढी ते अशी करायचे की तो जागा व्हायचा तो थेट गालाला थंड पाणी लागल्यावर. आता त्याच उजव्या हाताचा अंगठा दिवसभर बोटांवर फिरत राहायचा, जणू कसलीतरी गोळी वळतोय. कप तोंडाशी येईपर्यंत अर्धा शर्टावर सांडायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रोज सकाळी ताई त्यांची दाढी करायची.

"हात आहे का खुरपं?" ते आरशातून म्हणायचे.

"हलू नका, बाबा."

"मी हलत नाही, हात हलतो. मेलेल्यांचे काप काढून काढून तुला जिवंत कातडीचा अंदाज राहिला नाही."

काप काढणं हेच तिचं काम होतं. गोठवलेल्या मेंदूचे केसाहून कितीतरी पातळ काप यंत्राच्या पात्यावरून न चुरगळता उचलून काचेवर ठेवणं त्या इमारतीत दुसऱ्या कुणाला जमत नसे. मग ती त्या काचांवर रसायनं चढवायची. एक पहिल्या रिसेप्टरला जाऊन चिकटायचं, एक दुसऱ्याला, आणि दोघांच्या शेपट्या एकमेकींना पोचल्या तरच तिथे लाल ठिपका चमकायचा. ठिपका म्हणजे जोडी. मग सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून ती दिवसदिवस ठिपके मोजायची. अकरा वर्षांत सात निबंध छापून आले, आणि सातही निबंधांच्या शेवटी बारीक अक्षरात तिचे आभार होते. तिचं नाव शेवटून दुसरं. सगळ्यात शेवटचं नाव फ्रीजर दुरुस्त करणाऱ्या माणसाचं. "या वेळी मात्र तुमचं नाव वर, लेखकांत," असं मॅडमनी तिला शब्द देऊन सांगितलं होतं, "सहावा मिळू दे फक्त." या एका वाक्यावर ताई दोन वर्षं जगत होती.

आणि अशात हॉस्पिटलच्या तपासणीत डॉक्टरांनी बाबांना दुसरी गोळी लिहून दिली.

"निम्म्यांना काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण ज्यांना लागू पडते त्यांचे हात तीनेक आठवड्यांत बरेच थांबतात. बघू या तर खरं."

"थांबतात म्हणजे किती?" बाबांनी विचारलं. "दाढी करता येईल? स्वतःची?"

"प्रयत्न करायला काय हरकत आहे?"

परत येताना गाडीत बाबा आपला उजवा हात बघत बसले. घरी आल्यावर त्यांनी ताईला कपाटातली जुनी पेटी काढायला लावली आणि त्यातला वस्तरा काढून धार लावून आणायला सांगितलं. आजारपणाच्या चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे काही मागितलं होतं, तेही टोमणा न मारता.

दुसऱ्या दिवशी ताई मॅडमच्या खोलीत उभी राहिली. "डॉक्टरांनी बाबांना दुसरी गोळी लिहून दिलीय."

मॅडमनी चष्मा काढला. "अरे वा. सुरू केली?"

"अजून नाही."

"हे बघा, ताई, औषध देऊ नका असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते पाप मी कशाला घेऊ? तुमचे वडील, तुमचा निर्णय. फक्त देणार असाल तर आजच सांगा, म्हणजे मी दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलला पत्र टाकते. मग सगळंच लांबेल. माणसं बदलतील, नावांची यादीही नव्याने करावी लागेल."

"निम्म्यांनाच लागू पडते ना ती?"

"निम्म्यांनाच. त्यातून बाबांचं वय बघता…" मॅडमनी वाक्य तिथेच सोडलं. वाक्यं अर्धवट सोडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

घरी जाताना ताईने औषधाच्या दुकानातून जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या, तशाच गोल नि तशाच पिवळट. खऱ्या गोळ्या तिने पिठाच्या डब्यामागे सारल्या आणि त्यांच्या बाटलीत या भरल्या. वासावरून ओळखतील ही भीती नव्हती. हा आजार हात धरायच्या आधी नाक घेऊन जातो. ताई दुष्ट होती का? होती. निदान तेव्हापासून होती, आणि तिला ते कळत होतं. पण निम्म्यांना काही होत नाही, आपला बाप त्या निम्म्यांतला, असं तिने मनाशी इतक्या वेळा घोकलं की शेवटी ते तिला डॉक्टरांनीच सांगितल्यासारखं वाटायला लागलं.

पहिला आठवडाभर बाबा रोज सकाळी दोन्ही हात पुढे धरून आरशासमोर बसायचे.

"कालच्यापेक्षा कमी आहे ना?"

"हो," ताई म्हणायची. हे खोटं तिला फुकट पडत होतं, म्हणून ती सढळ हाताने बोलायची.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "किती दिवस म्हणाला होता तो?"

"प्रत्येकाचं अंग वेगळं असतं, बाबा. धीर धरा."

त्यांनी धीर धरला. ज्या माणसाने उभ्या जन्मात गिऱ्हाइकाची पाच मिनिटं वाट पाहिली नाही, तो सात आठवडे एका जीवनसत्त्वाच्या गोळीची वाट बघत बसला. आठव्या आठवड्यात एकदा ताई कामावरून परत आली तर बाबा आरशासमोर खुर्चीत होते, तोंडाला फेस फासलेला, फेस गुलाबी झालेला, आणि वस्तरा जमिनीवर. कानापासून जबड्यापर्यंत उभी चीर गेली होती.

तिचा जीव घाबराघुबरा झाला आणि तोंडून निघाला तो राग. "कुणी सांगितलं होतं नसतं शहाणपण करायला? गळ्यावरून फिरला असता तर?"

"तर तुझं काम लवकर झालं असतं," बाबा म्हणाले. पण त्यात नेहमीची धार नव्हती. ती जखम पुसत असताना ते हळूच म्हणाले, "गोळीचा दोष नाही. गोळी चांगलीच असणार. माझ्यातच काही उरलं नाही."

स्वतःला बोल लावताना ताईने त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. पिठाचा डबा सरकवला, खऱ्या गोळ्या हातात घेतल्या. तिला रडू येत होतं, आणि आपण रडणार याचाही तिला संताप येत होता. मग ती हिशोबाला बसली: आज एक गोळी दिली तर अट मोडली, म्हणजे बाबांचे आठ आठवडे वाया, आपली अकरा वर्षं वाया, आणि हात थांबतील याची खात्री नाहीच. तिने डबा परत जागेवर सरकवला आणि कापूस घेऊन बाहेर आली.

त्याच महिन्यात हॉस्पिटलची तपासणी होती. "काही फरक?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "तुमच्या निम्म्यांत मी नाही."

"मग उगाच गिळायला नको." डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: दुसरी गोळी दोन महिने दिली, उपयोग नाही, बंद. ताई शेजारच्याच खुर्चीत होती. आता तिला खोटं बोलायचीही गरज उरली नव्हती. बाबांनी वस्तरा पेटीत ठेवायला सांगितला, आणि त्यानंतर दाढी करताना ते तिला काहीही बोलले नाहीत. कापलं तरी नाहीत.

पाच महिन्यांनी एका दुपारी न्यूमोनियाने ते गेले. ताईने घड्याळ पाहिलं. मेंदू चार तासांच्या आत काढायचा होता, म्हणून तिने पहिला फोन प्रयोगशाळेत केला आणि दुसरा आत्याला. मॅडम स्वतः पेटी घेऊन आल्या. ताईला त्यांनी जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि हात फिरवता फिरवताच फॉर्म पुढे केला. दुसरी गोळी कधी घेतली होती का? ताईने "कधीही नाही"समोर खूण केली.

"फार मोठं काम केलंत," मॅडम म्हणाल्या. आत्याला वाटलं, सेवेबद्दल म्हणताहेत. तीही रडत रडत म्हणाली, "खरंच, लेक असावी तर अशी."

काप मात्र ताईलाच काढायचे होते. मोजणारी आपल्या सोयीचं मोजू नये म्हणून तिथली पद्धत अशी, की कुठला तुकडा कुणाचा हे तिला कळू द्यायचं नाही. मॅडमनी बाराही तुकड्यांवर क, ख, ग, घ अशी अक्षरं चिकटवली आणि यादी पाकिटात घालून कपाटात कुलपात ठेवली. तुमच्या वडिलांचा तुकडा आहे, दुसऱ्या कुणाकडून काढून घेऊ का, असं एका शब्दाने विचारलं नाही. ताईनेही विचारलं नाही. बारांपैकी एक आपला बाप, एवढं माहीत असताना तिने बाराही तुकडे सारख्याच हाताने कापले. एकही काप चुरगळला नाही.

मोजायला बसल्यावर मात्र ती बापाला शोधायला लागली. शोधायचं नसतं, तेच तर त्या पद्धतीचं मर्म. पण शोधल्याशिवाय तिला राहवेना. 'च'च्या काचेवर तिला ते सापडले. पेशी होत्या, पण ठिपके जवळजवळ नाहीतच. इथे एक, तिथे एक. जोड्या केव्हाच सुटलेल्या. या डोक्यात दुसरी गोळी ओंजळीने ओतली असती तरी हात थांबला नसता. ताईने सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले आणि कितीतरी महिन्यांनी पोटभर श्वास घेतला. हेच बाबा. हेच असणार. त्या दिवशी ती घरी जाऊन जेवली, आणि जेवताना तिला चव लागली.

'ख'ची काच पाहून तर ती मॅडमना बोलावूनच घेऊन आली. पेशीपेशीच्या कडेने लाल ठिपके दाटीवाटीने बसले होते, मोजता मोजता नाकी नऊ यावेत इतके.

"हा धडधाकट आहे," ताई म्हणाली. "तिशीतला असेल, फार तर. अपघातवाल्यांपैकी."

"सुंदर!" मॅडम सूक्ष्मदर्शकातून डोळे न काढता म्हणाल्या. "असं मी आजवर पाहिलं नव्हतं."

सगळे आकडे पक्के झाल्यावर मॅडमनी पाकीट फोडलं. मोठ्या टेबलाच्या एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला ताई, आणि दोघींमध्ये आकड्यांचा कागद. मॅडम अक्षर वाचायच्या, माणूस सांगायच्या, ताई आकड्यासमोर लिहायची.

"क, धडधाकट, चौथा. ख…" मॅडम थांबल्या. त्यांनी यादी डोळ्यांजवळ धरली, पुन्हा वाचली, आणि त्यांचा चेहरा उजळला. "ख, कंपवात, सहावा."

ताईला वाटलं, त्यांची ओळ चुकली. "च असेल, मॅडम."

"च कंपवात दुसरा. तो वाहनचालक, तीन वर्षांपूर्वीचा. ख सहावा, ख बाबा!" मॅडम उठून टेबलाला वळसा घालून तिच्याकडे आल्या. "ताई, तुमच्या लक्षात येतंय का हे काय आहे? आजार इतका पुढे गेलेला, आणि जोड्या एका तरण्या माणसापेक्षा जास्त! या माणसाला दुसरी गोळी मिळाली असती तर तीन आठवड्यांत हात जागेवर आले असते. माझा सगळा मुद्दा या एका काचेवर उभा आहे."

ताईच्या हातातली पेन्सिल ख समोर टेकलेली होती. ती पुढे सरकेना. बाबांनी जे मागितलं होतं ते त्यांच्या डोक्यात शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत होतं, फक्त एका गोळीची वाट बघत, आणि ती गोळी पिठाच्या डब्यामागे होती. तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. ओरडून सांगण्यासारखं माणूस जगात एकच होतं, आणि ते तिच्यासमोर आनंदाने उभं होतं.

"आता एकच अडचण आहे." मॅडम परत जागेवर बसल्या नि त्यांनी फाइलमधून हॉस्पिटलचा कागद काढला. "यात डॉक्टरांनी लिहिलंय, दुसरी गोळी दोन महिने दिली, उपयोग नाही. छापणारे हा कागद मागणारच. त्यांना हे असंच दिसलं तर सहावा बाद, आणि वर आपला मुद्दाच खोटा पडतो: जोड्या एवढ्या, आणि गोळीचा उपयोग शून्य! म्हणजे डॉक्टर चुकलेत हे कुणीतरी सहीनिशी लिहून द्यायला हवं."

"मी?"

"दुसरं कोण देणार? एरवी नातेवाइकांच्या शब्दावर मी विश्वास ठेवत नाही. म्हातारी माणसं चोरून गोळ्या खातात, घरचे विसरतात. तुमच्या बाबतीत तो प्रश्नच नाही." मॅडमनी एक कोरा कागद तिच्याकडे सरकवला. "लिहायचं नसेल तर राहू द्या. जबरदस्ती नाही. मग सहावा गेला, निबंध गेला, आणि बाबांचं सगळं असंच फुकट…" हे वाक्यही त्यांनी तिथेच सोडलं.

ताईने कागद जवळ ओढला. गोळी लिहून दिली होती, असं तिने लिहिलं. बाबांनी ती एकदाही घेतली नाही, असं लिहिलं. त्यांना ती घ्यायची होती, मीच दिली नाही, बाटलीत दुसरी भरून दिली, असंही लिहिलं, आणि कागद वळवून मॅडमसमोर ठेवला.

मॅडमनी तो दोनदा वाचला. शेवटच्या वाक्याखाली त्यांनी बोट ठेवलं, आणि ताईला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

"हे फार चांगलं झालं," मॅडम म्हणाल्या. "आता कुणाला शंका राहणार नाही. खाली तारीख घाला."

ताईने तारीख घातली.